पंचेचाळीस अंशातल्या खुणा

"बघ तरी. एक डाग सापडला तर नाव बदलीन," हे म्हणाले आणि दिवाणावर पांघरलेलं वर्तमानपत्र त्यांनी पडदा उघडावा तसं बाजूला केलं.

मी कोल्हापूरहून नुकतीच आले होते. आठवडाभर विद्यापीठात बसून परीक्षेचे पेपर तपासले होते, बोटांना लाल शाई लागलेली होती आणि एसटीत बसायला जागा मिळाली नव्हती. चप्पलसुद्धा काढली नव्हती. दिवाणावर माझ्या प्रबंधाच्या पाच प्रती ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीत संदर्भसूचीचं पान उघडं. मी वाकून पाहिलं. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हे काय केलंत तुम्ही?"

"काय म्हणजे? तू सांगितलंस तेच. खुणा दिल्या. पाचही प्रतींवर. काळी चायनीज शाई, धुतली तरी जायची नाही."

"या सगळ्या सारख्या कशा?"

यांचा चेहरा उजळला. "तेच तर! तुझ्या पेन्सिलीच्या खुणा बघून मला हसूच आलं. कुठे डावीकडे कललेली, कुठे उजवीकडे, कुठे उलटी टोपी, कुठे सुलटी, एका ठिकाणी तर अक्षराच्या पोटातून काट मारलेली. म्हटलं, बाईसाहेब घाईत होत्या. मी सगळ्या एकसारख्या केल्या. पंचेचाळीस अंश. सेट-स्क्वेअर लावून."

मी दुसरी प्रत ओढली, मग तिसरी; सगळीकडे तेच.

आता या गोष्टीला चाळीस वर्षं होतील. हे पाटबंधारे खात्याच्या कचेरीत हेड ड्राफ्ट्समन होते. धरणाचे, कालव्यांचे नकाशे काढायचे आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत नावं लिहायची, हे त्यांचं काम. सांगलीत त्यांच्या हाताला तोड नव्हती, हे मी आजही रागात असतानासुद्धा कबूल करीन. आमच्या घरात मसाल्याच्या डब्यांवरची लेबलंदेखील नकाशावर शोभतील अशी होती. पण नीटनेटकं म्हणजे एकसारखं, ही एकच व्याख्या त्या माणसाच्या डोक्यात पक्की बसलेली होती.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते आणि गवतावर पडणाऱ्या तांबेऱ्यावर पीएच.डी. करत होते. लग्न, मुलगा, सासूबाईंचं आजारपण या सगळ्यातून वाट काढत कसाबसा तो प्रबंध लिहून झाला होता. मुदत एकदा वाढवून घेतली होती. पुन्हा मिळणार नव्हती. येत्या मंगळवारी प्रती विद्यापीठात पोचल्या नाहीत तर माझी नोंदणी रद्द, आणि मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते. नव्याने सुरुवात करण्याचं ते वय नव्हे.

एवढं असूनही माझे मार्गदर्शक डॉ. केरूर यांनी महिन्यापूर्वी टाइप केलेला मसुदा परत पाठवला होता. विज्ञानात चूक नव्हती. चूक होती ती सूचीत, परदेशी संशोधकांच्या नावांत. तांबेऱ्यावर काम करणारे लोक जगभर विखुरलेले, कोणी चेक, कोणी हंगेरियन, कोणी पोर्तुगीज, कोणी तुर्क. त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर, पायाशी, पोटात नाना खुणा असतात. आमच्या टायपिंगवाल्या बागवानांच्या मशिनीवर त्यातली एकही नव्हती, म्हणून मी सगळी नावं नुसतीच टाइप करून घेतली होती.

"बाई, ही माणसं बोडकी का उभी केलीत?" केरूर सरांनी विचारलं होतं.

"सर, मशीनवर त्या खुणा नाहीत. आणि वाचणाऱ्याला कळतंच की कोण ते."

"कोणाला कळतं? हा होलेचेक. त्याच्या 'सी'वर उलटी टोपी आहे, म्हणून तो होलेचेक. टोपी काढली की तो कोण होतो? त्याच्या गावात त्याला कोणी ओळखणार नाही." सर खुर्चीत मागे रेलले. "ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय बदलू नये. माझी सही हवी असेल तर प्रत्येकाची खूण ज्याची त्याला परत करा."

मी मान डोलावली, पण बाहेर आल्यावर जिन्यातच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अपमानाचं नव्हे, संतापाचं. इतका संताप एका उलट्या टोपीसाठी का यावा, हे मला तेव्हा धड कळलं नाही, आणि कळलं असतं तरी सरांना सांगण्यासारखं नव्हतं.

मग महिनाभर मी ग्रंथालयात भिंग घेऊन बसले. जुनी मासिकं काढायची, मूळ लेख शोधायचा, माणसाने स्वतःचं नाव कसं छापलंय ते पाहायचं आणि प्रबंधाच्या पहिल्या प्रतीवर पेन्सिलीने तशी खूण करायची. मधल्या सुट्टीत डबा न खाता मी हेच करत होते. सुरुवातीला वैताग होता, पण हळूहळू त्यात लक्ष लागलं. उजवीकडे कललेली तीच एक रेघ, पण प्रत्येक गावात तिचं काम वेगळं. स्पॅनिश माणूस ती शब्दात जोर कुठे द्यायचा ते सांगायला देतो, हंगेरियन आणि चेक लोक स्वर लांबवायला, म्हणजे आपल्या दीर्घासारखी. पोलिश माणूस तीच रेघ 'एस'वर ठेवतो आणि तो मऊ 'श' होतो. पोर्तुगीजांची नागमोडी रेघ म्हणजे थेट आपला अनुस्वार, नाकातून बोलायचा. तुर्कांच्या एका 'आय'ला तर डोक्यावरचा ठिपकाच नसतो. सूचीतल्या यिल्दिरिमबाईंसाठी मी बागवानांनी टाइप केलेले ठिपके ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडून काढले होते.

सगळं झालं, आणि नेमकं पेपर तपासणीचं बोलावणं आलं. पाचही प्रतींवर शाईने खुणा उतरवायचं काम उरलं होतं. यांनी आपणहून म्हटलं, "तू जा. ते माझ्यावर सोड." लग्न झाल्यापासून माझ्या अभ्यासात त्यांनी हात घालण्याची ती पहिली वेळ. मला इतकं बरं वाटलं की मी नीट समजावूनही सांगितलं नाही. पेन्सिलीवर शाई फिरवायची, त्यात समजवायचं ते काय?

"आणि हे ठिपके?" मी यिल्दिरिमबाईंवर बोट ठेवून विचारलं.

"ते गळले होते. मी भरले."

"गळले नव्हते! मी काढले होते! मुद्दाम काढले होते!"

"आयवरचा ठिपका मुद्दाम कोण काढतं?" हे आता गोंधळले होते. "अगं, पण दिसायला किती छान दिसतंय बघ. आधी पानावर माश्या बसल्यासारखं दिसत होतं. कचेरीत असा नकाशा पाठवला तर साहेब तोंडावर फेकेल."

"हा नकाशा नाही!" मी ओरडले. शेजारच्या अंगणातलं धुणं थांबलं ते मला ऐकू आलं, पण आता कोणाची पर्वा नव्हती. "ही माणसं आहेत. त्यांची नावं आहेत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं सुधारायला? एका अक्षराने विचारलंत का मला? सगळ्यांना धरून एका मापात बसवून टाकलंत! तुमच्या घराण्यातच आहे ते."

शेवटचं वाक्य कुठून आलं कोण जाणे. हे बघत राहिले.

"घराण्याचा काय संबंध?"

मी आत गेले, चहा टाकला, आणि तो उतू जाईपर्यंत त्याच्याकडे बघत उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी मी उठले तेव्हा हे टेबलापाशी बसलेले होते. समोर अर्धं मोडलेलं ब्लेड, एक चमचा, माझं भिंग आणि पहिली प्रत. चायनीज शाई धुऊन जात नाही, पण नकाशाच्या कागदावरून ती खरवडून काढता येते, हे यांच्या रोजच्या कामातलं. फक्त माझ्या प्रबंधाचा कागद नकाशाचा नव्हता. ब्लेडखाली त्याचा भुसा निघत होता. एक खूण खरवडायची, चमच्याच्या पाठीने ती जागा घासून गुळगुळीत करायची, म्हणजे नवी शाई फुटत नाही, आणि मग बारीक निबाने नवी खूण. कार्बन प्रतींचा कागद तर कांद्याच्या पापुद्र्यासारखा. त्यातल्या दोन पानांना भोकं पडली. ती सोमवारी बागवानांकडून पुन्हा टाइप करून घ्यावी लागणार होती.

"सांग," हे माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी शेजारी खुर्ची ओढली. बोलायची इच्छा नव्हती, पण मंगळवार डोक्यावर होता. मी माझी टिपणं काढली आणि एकेक नाव सांगत गेले.

"हा पोलंडचा. 'एल'च्या पोटातून आडवी काट."

"मला वाटलं, ते अक्षर तू खोडलंयस."

"आणि ते खरवडूनच टाकलंत ना?"

"हो."

"आता लिहा. हे स्वीडनचे. 'ए'च्या डोक्यावर लहान शून्य. तिथे तुमची तिरकी रेघ कशी चालेल? हा हंगेरियन, याच्या 'ओ'वर दोन रेघा, शेजारी शेजारी. एक नाही, दोन."

"जर्मनाला दोन ठिपके आणि याला दोन रेघा?"

"हो. ते वेगळे, हे वेगळे."

"बरं." हे खाली मान घालून घासत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हे सगळं तू शोधून काढलंस?"

"मग काय आभाळातून पडलं?"

त्यांनी पुढच्या खुणेवर ब्लेड टेकवलं. मला मात्र बोलून समाधान झालं नाही. राग जायला हवा होता, तो जात नव्हता. माणूस समोर बसून केलेलं निस्तरतोय, एकदाही कुरकुर नाही, दुपारचं जेवणही त्यांनी खिचडीवर भागवलं, आणि मला मात्र त्यांच्या त्या स्वच्छ, शांत हातांकडे बघून आणखीच चिडचिड होत होती.

दुपारी उशिरा आम्ही 'के' अक्षरापर्यंत पोचलो.

"हे एक बरं आहे," हे पाठ ताठ करत म्हणाले. "कुलकर्णी, डी. आर. याला एकही खूण नाही. आपला माणूस." त्यांनी बोटाने ओळी मोजल्या. "चार लेख आहेत याचे. आणि आत प्रकरणांतही बऱ्याचदा नाव आलंय. मोठा असामी दिसतोय. कुठला हा? सांगलीत कुलकर्णी तर गल्लीगल्लीत आहेत. तुमच्या कॉलेजातला का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. चेष्टा करत असतील, असं क्षणभर वाटलं. पण नाही. हातात निब, कपाळावर शाईचा डाग, आणि चेहऱ्यावर निव्वळ कुतूहल.

"तुम्ही याला ओळखता," मी म्हणाले.

"मी? नाही बुवा."

"लग्नात भेट झालीय."

"कोणाच्या?"

"आपल्या."

हे हसायला लागले आणि मध्येच थांबले.

"द्वारका रामचंद्र कुलकर्णी," मी म्हणाले. "पुण्यात एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं संशोधन करत होती. चार लेख छापून आले तिचे. मग लग्न ठरलं. तुमच्या आत्याचं नाव द्वारका होतं. घरात मोठ्या माणसाच्या नावाने सुनेला हाक कशी मारायची, म्हणून सासूबाईंनी नाव बदलायचं ठरवलं. ताटात तांदूळ पसरून तुम्ही अंगठीने मृणालिनी लिहिलंत. फार सुरेख अक्षर आलं होतं. सगळे म्हणाले, जावयाचं अक्षर बघा."

यांनी भिंग बाजूला ठेवलं.

"माझ्या डोक्यावरची खूण कोणी तपासायला नको का? त्या तुर्की बाईसाठी मी महिनाभर मरमर मेले. आणि मला? मला एकदा विचारलंत? तुम्ही, सासूबाई, माझे वडील, कोणी एकाने? 'ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय बदलू नये' म्हणे! सरांनी ते सांगितलं ना, तेव्हा वाटलं टेबल उलटं करावं."

"मग प्रबंधावर..." यांनी सावकाश विचारलं. "तेच नाव घालता नाही येणार?"

"कसं येणार? नोंदणी मृणालिनी खांबेटे या नावाने. नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा. तोवर मंगळवार थांबणार आहे?"

हे बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. मला वाटलं, काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, निदान आईची बाजू घेतील. भांडायला तरी काही मिळालं असतं. पण त्यांनी ब्लेड उचललं, चमचा पुसला आणि म्हणाले, "पुढचा कोण?"

मला इतका राग आला की पुढची सगळी नावं मी त्यांना भिंतीकडे बघून सांगितली.

मंगळवारी केरूर सरांनी सूची भिंगाखाली पाहिली. एका खरखरीत जागेवरून बोट फिरवून विचारलं, "इथे काय झालंय?"

"खरवडलंय, सर."

"कष्ट दिसताहेत," ते म्हणाले आणि सही केली. माझ्या जुन्या लेखांबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते. सांगायचं तर सगळं तांदळाच्या ताटापासून सांगावं लागलं असतं.

त्यानंतर घरात त्या विषयावर एक शब्दही निघाला नाही. हे कचेरीत जात होते, येत होते. मी अधूनमधून भांडी आपटत होते. एवढं सांगूनही या माणसाच्या आत काही हललं का नाही, हेच मला कळत नव्हतं.

तोंडी परीक्षा पुढल्या हिवाळ्यात झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते. विभागातली मुलं, चारदोन प्राध्यापक, आणि शेवटच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून हे. रजा काढून आले होते. मी या म्हटलं नव्हतं. माझं बोलणं बरं झालं, प्रश्नोत्तरं झाली, आणि मग केरूर सरांनी परदेशी परीक्षकांचा अहवाल काढला. परीक्षक होते तेच, उलट्या टोपीचे होलेचेक.

"स्तुती बरीच केली आहे," सर म्हणाले. "शेवटी एकच प्रश्न विचारलाय. तो मराठीत सांगतो. 'उमेदवाराचं तिसरं प्रकरण डी. आर. कुलकर्णी यांच्या जुन्या निरीक्षणांवर उभं आहे, आणि ते योग्यच आहे. इतकी बारीक नजर मी क्वचित पाहिली. परंतु त्या चार लेखांनंतर या गृहस्थांचं काहीच वाचनात आलं नाही. ते पुढे कुठे गेले? हयात असल्यास पत्ता कळवावा, मला त्यांना लिहायचं आहे.'" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, आहे का तुमच्याकडे पत्ता?"

मी समोरच्या टेबलावरचा पाण्याचा पेला जवळ ओढला.

"आहे, सर!" मागून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. हे उभे राहिले होते. कचेरीत नकाशाचा क्रमांक सांगावा तसे खणखणीत सांगू लागले, "लिहून घ्या. खणभाग, मारुतीच्या देवळामागे, सांगली. हयात आहेत. आणि गृहस्थ नाहीत, त्या—"

मुलं हसली. सरांनी विचारलं, "आपण कोण?"

यांचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या महिन्यांचं साठलेलं एकदम बाहेर पडत होतं, ते मला त्या क्षणी दिसलं. कोंडून ठेवलेलं होतं म्हणायचं, माणूस दगड नव्हता. आणि तरीही, खरं सांगते, दुसऱ्याच क्षणी जुना संताप तसाच्या तसा वर आला. तांदळातलं नावही यांनीच लिहिलं होतं, आता जुनं नावही हेच सांगणार होते.

"अहो, तुम्ही बसा," मी म्हणाले. "प्रश्न मला विचारलाय."

यांनी तोंड मिटलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते बसले. अगदी हळू, खुर्चीचा आवाजही न करता.

"द्वारका रामचंद्र कुलकर्णी," मी म्हणाले. लग्नानंतर मी ते नाव चार माणसांत मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "ती मीच, सर."

केरूर सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"आणि कुठे गेल्या, म्हणून लिहू?"

"कुठेच गेले नव्हते, सर. सांगलीतच होते."

सरांनी लिहायला सुरुवात केली आणि पहिल्याच शब्दाशी थांबून मान वर केली.

"नाव पुन्हा एकदा सांगा, बाई," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तसंच लिहितो."